मुलांना परदेशात ‘सेवाकार्या’ला नेण्याआधी एवढं वाचा

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नववी-दहावीच्या 22 मुलांना घेऊन मी कंबोडियाला गेले होते. बारा दिवसांत अंगकोरची देवळं, नॉम कुलेनच्या डोंगरात दोन दिवसांचं पदभ्रमण आणि शेवटचे चार दिवस खेड्यातल्या शाळेत व अनाथाश्रमात सेवाकार्य, असा एका सहल कंपनीनं आखलेला बेत होता. पालकांना मीच पटवलं होतं, म्हणून हे लिहिणं माझ्याकडेच लागतं.

फसवणूक माझ्याआधी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आली. शाळेची भिंत रंगवण्यापूर्वी ती जुना रंग खरवडत होती. “मॅडम, हे बघा,” म्हणून तिनं पोपडा माझ्या हातावर ठेवला. वर पांढरा, खाली पिवळा, मग निळा, परत पिवळा. मी सात थर मोजले. तिथल्या शिक्षकांना विचारलं तेव्हा ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, दर सुट्टीत कुठली तरी शाळा येते आणि हीच भिंत रंगवून जाते. त्यांना पाण्याचा फिल्टर हवा होता आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी. ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ‘प्रकल्प निधी’ म्हणून आमच्या प्रत्येक मुलाकडून 120 डॉलर घेतले होते, म्हणजे एकूण 2640. शाळेला मिळाले रंगाचे चार डबे, ब्रश आणि वह्यांचा एक गठ्ठा.

मग मी मागचे दिवस आठवू लागले. कार्यक्रमपत्रिकेत अंगकोरसाठी तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी ‘आज फार गर्दी आहे’ म्हणून आम्हाला बाजारात नेलं आणि तिसरा दिवस नाचगाण्याच्या कार्यक्रमात संपवला. अंगकोरच्या प्रवेशपासावर फोटो आणि तारीख छापलेली असते. एका दिवसाचा पास 37 डॉलरचा, तीन दिवसांचा 62 चा. आमचे पास एकाच दिवसाचे होते. गळ्यात अडकवून फिरलो, पण वाचले नाहीत.

अनाथाश्रमाबद्दल लिहिताना मला अजून त्रास होतो. आम्ही पोचताच तीसेक मुलं धावत आली आणि कधी न पाहिलेल्या माणसांच्या मांडीवर बसली. आमच्या मुलांचे डोळे भरून आले, माझेही. त्या वेळी आम्हाला ती माया वाटली. ज्यांची जवळची माणसं सतत येतात आणि निघून जातात, ती मुलं अशीच कुणालाही बिलगतात, हे मी नंतर वाचलं. दुसऱ्या दिवशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा एक मुलगा आमच्या मुलांना सांगत होता की प्चुम बेनला, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, तो घरी आईकडे जातो. आई आहे? हो. मग तू इथे का? शाळा आणि जेवण मिळेल असं सांगून आणलं. असा तो एकटाच नव्हता. कंबोडियातल्या निवासी बालसंस्थांची सरकार आणि युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात निघाले. भेट देणारे आणि देणग्या देणारे येत राहतात म्हणून मुलं गोळा केली जातात. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात, अशा संस्थांमधल्या मुलांची तस्करी आणि अनाथाश्रमांतल्या सेवाकार्यातून होणारं नुकसान रोखायला देशांना सांगितलं आहे. ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे’ ही मोहीम तर कंबोडियातच सुरू झाली होती. जाण्याआधी अर्धा तास शोधलं असतं तर हे सगळं सापडलं असतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. आमच्यापैकी कुणाचीही पोलीस पडताळणी मागितली नव्हती. आम्हाला थेट मुलांच्या झोपायच्या खोलीपर्यंत नेलं. माझ्या शाळेत 24 अनोळखी माणसांना मी असं फाटकाच्या आतसुद्धा घेतलं नसतं.

कुलेनमध्ये सोबत दिलेला मुलगा वाटाड्या नव्हता, आमच्या गाडीवानाचा भाऊ होता. जवळची वाट म्हणून तो पायवाट सोडून झाडीत शिरायला निघाला. कंबोडियात जुन्या युद्धांतले भूसुरुंग अजूनही सापडतात, मळलेली वाट सोडायची नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून मी हटून बसले. पुढे ओल्या खडकावर घसरून एका विद्यार्थ्याचं मनगट मोडलं. विमा कंपनीनं सांगितलं, ही साधी पर्यटन पॉलिसी आहे, पदभ्रमण त्यात नाही. आमच्याकडे फक्त एका पानाचं प्रमाणपत्र होतं. पूर्ण पॉलिसी मी मागितलीच नव्हती.

माहितीपत्रकावर ‘बीएस 8848 नुसार’ असं ठळक छापलं होतं. हे ब्रिटनबाहेरच्या मोहिमा, क्षेत्रभेटी आणि साहसी उपक्रमांसाठीचं ब्रिटिश मानक आहे. 2007 मध्ये ते आलं आणि 2014 मध्ये सुधारलं गेलं. क्रमांक एव्हरेस्टच्या उंचीवरून घेतला आहे. पण या मानकाचं पालन आपण करतो असं आयोजक स्वतःच जाहीर करू शकतो, त्रयस्थ तपासणी सक्तीची नाही. त्यामुळे ‘कुणी तपासलं, अहवाल दाखवा’ असंच विचारायला हवं. आणि या मानकाचा गाभा असा की संपूर्ण मोहिमेची जबाबदारी एकाच आयोजकाची, कामं पोटकंत्राटानं दिली तरीही. आमच्या करारात नेमकं उलट होतं: तिथल्या सेवांची जबाबदारी ‘स्थानिक भागीदारा’ची. तो भागीदार कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. परतल्यावर पैसे मागितले तेव्हा याच कलमावर बोट ठेवलं गेलं.

मी हे का पाहिलं नाही? दर दहा मुलांमागे एका शिक्षकाचा प्रवास मोफत होता. मी त्या मोफत जागेवर गेले होते, आणि ज्याचं तिकीट आपण काढलेलं नसतं त्याला प्रश्न विचारताना जीभ अडखळते. आधी जाऊन जागा पाहून येते, असं मी एकदा म्हटलं होतं. ‘त्याची गरज नाही, व्हिडिओ पाठवतो’ असं उत्तर आलं आणि मी मान डोलावली. पैसेही कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात मागितले होते, ‘जागा आजच पक्क्या करायच्या’ म्हणून. मुलांना 40 तासांच्या समाजसेवेचं प्रमाणपत्र मिळणार होतं. ते मिळालं. प्रत्यक्षात काम झालं असेल नऊ-दहा तास.

पालकांना मी सगळं सांगितलं, पोपडाही दाखवला. दोघं-तिघं चिडले, ते योग्यच होतं. मुलांनी ती प्रमाणपत्रं परदेशी विद्यापीठांच्या अर्जांना जोडायची नाहीत असं आपसांत ठरवलं, मी सुचवायच्या आधीच. फिल्टरचे पैसे आम्ही त्या शाळेच्या शिक्षकांशी बोलून थेट पाठवले. बसवल्याचा फोटो आला, त्यात मागे तीच भिंत होती. या वेळी हिरवी.