पाठीवर कबुतर शिटलं म्हणून कोणी सांगितलं, तर बॅग उतरवू नका

बार्सिलोनाला कॅमेरा घेऊन निघालेल्यांनी हे जरूर वाचा. तिथे खिसेकापूंचा सुळसुळाट आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ला रांबला या गजबजलेल्या रस्त्यावर आणि मेट्रोत आम्ही बॅग पोटाशी धरूनच फिरत होतो. घात झाला तो सकाळच्या वेळी, एका शांत बागेत.

साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चसमोर, रस्त्यापलीकडे प्लासा दे गाउदी ही छोटी बाग आहे. तिथल्या तळ्यात येशूजन्माच्या शिल्पांची बाजू सुरेख उमटते, आणि त्या बाजूवर ऊन सकाळी येतं. त्यामुळे फोटो काढणारे तिथे लवकर जमतात. त्यांच्यावर डोळा ठेवणारेही जमतात.

फोटो झाल्यावर मी कॅमेरा गळ्यात अडकवला, बॅग पाठीला लावली आणि आम्ही दोघी निघालो. झाडाखालून जाताना बहीण म्हणाली, "ताई, थांब गं, पाठीवर काय पडलंय तुझ्या?" बॅगेवर, जॅकेटवर, केसांत हिरवट-पांढरं, घाण वासाचं काहीतरी ओघळत होतं. तेवढ्यात पन्नाशीची, चांगल्या घरची वाटणारी एक बाई लगबगीनं आली. झाडाकडे बोट दाखवत म्हणाली, "पालोमा, पालोमा!" म्हणजे कबुतर. तिच्या एका हातात टिश्यूचं फोडलेलं पाकीट होतं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. दोन्ही आधीपासून तयार!

तिनं अगदी मायेनं माझे केस पुसले. मग जॅकेट काढायची खूण केली. जॅकेट काढायचं तर आधी बॅग उतरवावी लागते. हे सगळं नाटक तेवढ्यासाठीच असतं. बॅग बाकावर गेली. तेवढ्यात एक माणूस नकाशा पसरून बहिणीला मेट्रोचा रस्ता विचारू लागला. मी मान वर केली तेव्हा बाकावर ओल्या टिश्यूचा बोळा होता आणि बॅग गायब होती. बाई आणि नकाशावाला दोन दिशांना पांगले. बॅग उचलणारा तर आम्हाला दिसलाच नाही.

बॅगेत 70-200 आणि 24-70 मिमीच्या लेन्स, फ्लॅश आणि भरलेली मेमरी कार्डं होती. लेन्स पुन्हा घेता येतील, पण ग्रानादा शहरात काढलेले फोटो कायमचे गेले, आणि मला राग येतो तो त्याचाच. रोज रात्री फोटोंची दुसरी प्रत करा आणि भरलेली कार्डं अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. बॅगेच्या चेनला कुलूप लावून इथे काही उपयोग नाही, कारण ते अख्खी बॅगच नेतात.

अंगावर काही पडलंच, तर मदतीला आलेल्याला हात लावू देऊ नका. बॅग पाठीवर तशीच ठेवून चालू लागा, जवळच्या कॅफेत किंवा हॉटेलात शिरा आणि तिथे साफ करा. कबुतराऐवजी कधी सॉस असतो, कधी आईस्क्रीम. डाव तोच.

मोसोस म्हणजे कातालोनियाचे पोलीस. त्यांच्याकडे तक्रार देताना चोरीला गेलेल्या मालाची किंमत महत्त्वाची ठरते. स्पेनमध्ये बळजबरी न करता केलेली चोरी 400 युरोच्या वरची नसेल, तर ती सहसा किरकोळ गुन्ह्यात मोडते. म्हणून लेन्सची बिलं फोनमध्ये ठेवा. सिरियल नंबर आमच्याकडे होते, कारण मुंबईहून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं होतं. परतताना आपल्याच सामानावर ड्यूटी लागू नये म्हणून ते घेतात, पण इथेही ते कामाला आलं.

विम्याची पॉलिसी निघण्यापूर्वीच नीट वाचा. आमच्या कंपनीनं एका वस्तूमागची कमाल मर्यादा दाखवून लेन्सच्या किमतीपेक्षा फार कमी पैसे दिले. तेवढ्यासाठीही पोलीस तक्रारीची प्रत मागितली, तेव्हा ती हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नका.