‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून घेतलेले १४,५०० रुपये

गेल्या वर्षी जूनमध्ये आमचा सात वर्षे वापरातला संगणक एका सकाळी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढी ओळ येऊन तो थांबत असे. त्यात आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची २३ ध्वनिमुद्रणे होती, आणि आई आता नसल्यामुळे ती पुन्हा मिळण्यासारखी नव्हती. हे मी दुकानात पाऊल ठेवताच सांगून टाकले. किती पैसे घ्यायचे हे दुकानदाराने डिस्क पाहून नव्हे, तर हे ऐकून ठरवले, अशी आज माझी खात्री झाली आहे.

दुकानदार संगणक आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, “काकू, हार्ड डिस्क गेलीय. मुंबईच्या लॅबमध्ये उघडावी लागेल.” मी १४,५०० रुपये भरले. पावतीवर फक्त ‘सर्व्हिस चार्ज’ असे लिहिलेले होते. आठवड्याने पेनड्राइव्हवर ११ ओव्या हाती आल्या. उरलेल्या १२ साठी आणखी ६,००० रुपये लागतील, आणि जुनी डिस्क भंगारच असल्याने ती इथेच राहू द्यावी, असे सांगण्यात आले. भंगारासाठी एवढा आग्रह कशाला, या विचाराने मी डिस्क मागून घेतली.

घरी भाच्याने ती यूएसबी केबलने आपल्या लॅपटॉपला जोडली. तिच्या झाकणावरचे कंपनीचे सील शाबूत होते, म्हणजे ती कोणी उघडलीच नव्हती. मिनिटभरात ‘आई’ नावाचा फोल्डर समोर आला आणि त्यात २३ च्या २३ फाइल होत्या.

विंडोज सुरू करणाऱ्या फाइल बहुधा डिस्कच्या एका लहान, वेगळ्या भागात असतात. तेवढाच भाग बिघडला तर संगणक सुरू होत नाही, पण आपल्या फाइल जागेवरच राहतात आणि त्या काढायला डिस्क उघडावी लागत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ती लगेच बंद करावी, कारण तेव्हा बिघाड यांत्रिक असू शकतो, ती धूळविरहित खोलीतच उघडावी लागते आणि खर्चही मोठा येतो. हे खरे असल्यामुळेच लॅबची थाप सहज खपते. म्हणून डिस्क देण्याआधी तिच्यावरील अनुक्रमांकाचा फोटो काढावा, तो पावतीवर लिहून घ्यावा आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला आपल्यादेखत जोडायला सांगावे. त्याच डिस्कवर विंडोज पुन्हा टाकू देऊ नये, कारण जुन्या फाइलींवर नवे लिहिले गेले की त्या परत येत नाहीत. आत काय आहे आणि ते आपल्याला किती मोलाचे आहे, हे तर मुळीच बोलू नये.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावतीवर डिस्कचा किंवा बिघाडाचा उल्लेखच नसल्याने दुकानदार ‘तपासणीचे पैसे घेतले’ एवढेच म्हणतो, आणि रक्कम अजून परत मिळालेली नाही.