बामणोली ते वासोटा: बोटीपेक्षा वाटाड्याला जास्त गुण

वासोटा किल्ला एका दिवसात करायचा तर पहाटेच सातारा सोडावं लागतं. कासवरून बामणोली, तिथं वनखात्याची परवानगी, मग शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोट आणि मेट इंदवलीला उतरलं की चढ सुरू. गडावर मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे बोट सुटायला जितका उशीर होईल तितका वेळ गडावर कमी मिळतो.

आमच्या वाट्याला नेमकं तेच आलं. भाडं माणशी नसून पूर्ण बोटीचं असतं, म्हणून आम्हा चौघांना दुसऱ्या एका ग्रुपबरोबर बसवायचं ठरलं आणि ते लोक येईपर्यंत काठावर ताटकळत ठेवलं. फोनवर आठची वेळ दिली होती, निघालो साडेनवाला. परतीची वेळ मात्र जराही पुढे सरकली नाही. वासोट्याजवळची नागेश्वरची गुहा बघायची राहिली ती राहिलीच. याचे गुण मी कापणारच. बोट चालवणारा मुलगा मात्र दक्ष होता, प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघितल्याशिवाय त्याने इंजिन सुरू केलं नाही.

इंदवलीच्या चौकीत बाटल्या, बिस्किटांचे पुडे सगळं मोजून घेतात, अनामत ठेवावी लागते. रांगेत काहीजण कुरकुरत होते, पण वरपर्यंत वाट इतकी स्वच्छ होती की मला ही पद्धत सगळीकडे हवी असं वाटलं.

आता वाटाड्या. पन्नाशीचे काका, अंगाने किरकोळ. त्यांच्या वडिलांचं घर कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणजे सकाळी आम्ही ज्या पाण्यावरून आलो त्याच पाण्याखाली. ओढ्याजवळचा मारुती मागे टाकून दाट झाडीत शिरल्यावर ते एकदम थांबले. "ताई, हितं आवाज नगा करू." एका खोडावर शेजारी शेजारी खोल ओरखडे होते, सोललेल्या सालीतून चीक अजून ओघळत होता. अस्वल मधासाठी चढलं होतं. थोडं पुढे गव्याचं ताजं शेण. त्यांनी आम्हाला जागीच उभं केलं, स्वतः पुढे जाऊन कानोसा घेतला, मगच हाताने बोलावलं. 2010 पासून हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं ते उगाच नव्हे, हे अशा जागी उभं राहिल्यावर पटतं.

वर महादेवाचं मंदिर, चुन्याचा घाणा, वाड्याची जोती आणि बाबूकडा. कड्याच्या टोकाला काकांनी आम्हाला पोटावर झोपून बघायला लावलं, उभं राहू दिलं नाही. समोरचा जुना वासोटा नावाचा डोंगर दाखवत 1818 मध्ये इंग्रजांनी तिथून तोफा कशा डागल्या ते सांगितलं. डबा खाल्ला तेव्हा त्यांनी आपल्या भाकरीबरोबरचा ठेचा आम्हाला वाढला. त्यांनी सांगितलेल्या पैशात आम्ही घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. शक्यतो रविवार टाळा. वर मोबाइलला रेंज नाही, घरी बामणोलीतूनच कळवा. नागेश्वरही करायचं असेल तर पूर्ण बोट स्वतःच घ्या आणि निघायची वेळ आदल्या दिवशी पुन्हा फोन करून पक्की करा.