पटाची जोडी शिकवायला दिली : दसऱ्यापासून डवरणीपर्यंतचा अनुभव

मागच्या दसऱ्याला मी माझी बैलजोडी शंकरपटासाठी, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीसाठी, एका म्हाताऱ्या शिकवणाऱ्याकडे नेऊन बांधली आणि गुढीपाडव्याला घरी आणली. तेव्हापासून "कसा आहे माणूस, द्यावी का जोडी" असं विचारणारे इतके भेटले की एकदाच सविस्तर लिहितो. नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, "नाव नको टाकू बाप्पा, लोकं रात्रीबेरात्री दारात येऊन उभे रायते."

जोडी गवळाऊ जातीची, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची, दोघंही चार दाती. बादल डावा, गुलब्या उजवा. गवळाऊ अंगानं हलका आणि पायानं चपळ, पण डोकं तापट. गुलब्या तर फटाका वाजला की दावं तोडायचा. ठरलं असं की खुराक माझा, मेहनताना महिन्याचा, आणि बक्षीस आलं तर त्यात त्यांचा चौथा हिस्सा. कागद नाही, सही नाही.

पहिले दोन महिने त्यांनी जोडी छकड्याला (पटाच्या हलक्या गाडीला) लावलीच नाही. मी दर रविवारी मोटरसायकलवर जायचो आणि दर रविवारी तेच बघायचो. म्हातारे दोघांना नाल्याच्या रेतीतून चालवतायत, मध्येच थांबवतायत, पाठीवर हात फिरवतायत, पुन्हा चालवतायत. ढेपीचं पोतं नेलं तर अर्धं परत दिलं. "ढेपीनं अंग सुटते, दम नायी येत." कुटार, कडबा, थोडी हरभऱ्याची चुनी, बस. मी वैतागून विचारलं, काका, पळवणार कधी? तर म्हणाले, "पयाचं त्याले आईच्या पोटातून येते. थांबाचं मातर शिकवा लागते."

तेव्हा मला ते चालढकलीचं उत्तर वाटलं. जानेवारीत पहिल्या पटाला आमच्या आधीची जोडी निशाणी, म्हणजे शर्यत संपायची खूण, ओलांडून थेट माणसांत घुसली आणि एकाच्या मांडीचं हाड मोडलं. आमची जोडी त्यानंतर सुटली. वेळ साधारणच आली, पण निशाणीच्या पुढे पंधरा-वीस पावलांवर दोघंही आपणहून मंदावले. नुसत्या कासऱ्यावर. त्या दिवशी आमचा नंबर लागला नाही, तरी गर्दीतले दोन जुने शौकीन येऊन विचारून गेले, जोडी कोणाच्या हातची?

आता तुतारीबद्दल. टोकाला आर (टोचायचा खिळा) असलेली ती काठी पूर्वी पटात सर्रास चालायची, शेपूटही चावली जायची. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद पडल्या. डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. आता टोचणं, मारणं, शॉक देणं हा गुन्हा आहे. माझ्या मते, भीतीवर बैल पळवणारा कोण आणि शिकवून पळवणारा कोण, हे या अटींनीच उघडं पाडलं. आमच्या भागात बंदीआधी मोठं नाव असलेले एक-दोघं आता जोडी सोडताना नुसते ओरडतात आणि बैल कान हलवतो. आमच्या म्हाताऱ्यांच्या कोठ्यात मला सहा महिन्यांत आर दिसली नाही. शिव्या मात्र भरपूर, त्याही माणसांना.

नागपूरला शिकणारा भाचा मोबाईलवर अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यती दाखवत होता. दोन चाकांची हलकी गाडी, मागे बसलेला माणूस, आणि घोड्यानं चौखूर उधळायचंच नाही. दुडकी चाल मोडली की हाकणाऱ्यानं त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं. म्हणजे तिथं शिकवणाऱ्याचं अर्धं काम आवरण्याचंच. तिथं शिकवणाऱ्यांना आकडाही देतात. पहिल्या नंबराला 9, दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 3 गुण, आणि बेरजेला एकूण शर्यतींच्या नऊपटीनं भागायचं. सगळ्या जिंकल्या तर आकडा 1. आमची जोडी 11 पटांत उतरली. एक पहिला, दोन दुसरे, एक तिसरा. 22 भागिले 99, म्हणजे 0.222. भाचा म्हणाला, बरा आहे.

पण दोनदा म्हाताऱ्यांनी ऐन पटात जोडी सोडलीच नाही, ते या आकड्यात कुठं बसतं? एकदा बादलचा मागचा खूर तापला होता. मला काहीच दिसत नव्हतं. प्रवेश फी भरलेली, पाव्हणे जमलेले. "पाय जड झाला त्याचा. आज नायी जुपत." मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी खुरातून पू निघाला.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. खुराकाचा हिशोब तोंडी, आणि तो दर वेळी वेगळा. फेब्रुवारीत गुलब्याचा खांदा आला (जुवाखाली सुजला), ते मला आठ दिवसांनी कळलं. जू जुनं होतं, बदलायला हवं होतं, ही चूक त्यांचीच. घाई असेल त्यानं जाऊच नये. यंदाच्या यंदा बक्षीस पाहिजे असेल तर तयार पळती जोडी विकत घ्यावी, स्वस्त पडेल.

मोठा शिकवणारा ओळखायचा कसा, यावर अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला चहाच्या टपरीवर बरीच तोंडं वाजली. जिंकलेल्या जोडीला चार-चार गुरू निघतात, हरलेलीला एकही नाही. तिथं मी भाच्यानं सांगितलेला स्टॅनली डान्सर सांगितला, अमेरिकेतल्या त्याच गाडीच्या घोड्यांचा शिकवणारा. 1968, 1970 आणि 1972, असं तीनदा त्याच्या हातच्या घोड्यानं तिकडचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षातल्या तीन मोठ्या शर्यती, मारला. घोडे तिन्ही वेगळे, त्यातला एक तर वेगळ्याच चालीचा, एका अंगाचे दोन्ही पाय बरोबर टाकणारा. एक बैल नशिबानं मिळतो, तिसरा नाही, असं माझं म्हणणं. एक जण लगेच म्हणाला, त्याच्याकडं पैसा असंन. असेलही.

आमच्या म्हाताऱ्यांचं मला पटलेलं काम वेगळंच आहे. बंदीच्या काळात लोकांनी पटाचे बैल विकून टाकले, पोरं हे काम शिकलीच नाहीत. हे मात्र त्या वर्षांत गावातल्यांचे गोऱ्हे आउताला शिकवत राहिले आणि पुतण्याला सोबत ठेवत गेले. आज पटात जोडी तो पुतण्या हाकतो. म्हातारे लांब बाभळीखाली पाठ करून बसतात, बघतसुद्धा नाहीत.

सध्या डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, सुरू आहे. पटाचा बैल कपाशीत घातला तर तासं तुडवतो म्हणतात, म्हणून मी घाबरत घाबरत जुंपले. बादल-गुलब्या सात एकर डवरून आले, झाडं मोडली ती मोजून चार. त्यातली दोन माझ्याच पायाखाली आली. परवा कासरा माझ्या बापाच्या हातात होता, वय बहात्तर.

पोळा झाला की पुन्हा नेऊन बांधणार आहे. या वेळी जू मी नवीन करून देईन.