ठासणीची एन्फिल्ड: नऊ महिने आणि सहाशे बारांनंतर

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड म्हणजे ब्रिटिश फौजेची, नळी लाकडाला धरणाऱ्या तीन पट्ट्यांची, टोपीवर (घोडा आपटताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या कॅपवर) उडणारी ठासणीची रायफल. तिची इटलीत ब्रेशाच्या परिसरात घडलेली आजची प्रतिकृती अमेरिकेत, व्हर्जिनियात, नऊ महिने वापरून झाली. त्यात सहाशेच्या आसपास बार निघाले. लांबी ५५ इंच, नळी ३९ इंच, वजन सव्वाचार किलोच्या वर. किंमत हजार डॉलरच्या पुढे, आणि गोळी ओतायचा साचा, तिला नेमक्या मापात आणणारी डाय, धुण्याचं सामान वेगळं. हे सगळं सांगेनच, पण मुख्य मुद्दा आधी: या बंदुकीचा पूर्ण स्वभाव नळीत साठणाऱ्या काजळीवर ठरतो. गोळीचा व्यास, तिला लावायचं मेण, काडतुसाचा कागद, धुण्याची रीत, सगळं त्या काजळीला दिलेलं उत्तर आहे. हे ध्यानात आलं की बंदूक वळणावर येते. तोवर ती फक्त धूर करते.

काळ्या दारूत सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० असं प्रमाण असतं. ती जळते तेव्हा वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, पोटॅशियमचे क्षार होऊन धुरात आणि नळीत राहतो. म्हणून दुसरी गोळी पहिलीपेक्षा घट्ट जाते आणि दहावी-बारावी तर कधीकधी गजाला (गोळी ठासायच्या दांड्याला) दाद देत नाही. त्यात हवा कोरडी असेल तर थर कवडीसारखा कडक होतो, दमट असेल तर मऊ राहतो. जुलै-ऑगस्टच्या घामट दिवसांत सलग वीस बार विनातक्रार निघाले. जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्याच गोळ्या बाराव्या बारालाच अडायला लागल्या.

एन्फिल्डचं सगळ्यात वादग्रस्त काडतूसही या काजळीपायीच तसं होतं. मूळ गोळी गुळगुळीत, ५३० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं जुनं एकक). तिच्याभोवती कागद, आणि गोळीकडच्या टोकाला चरबी-मेणाचा लेप. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून लेपाचं टोक नळीत बसवायचं, वरचा रिकामा कागद तोडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. लेप नसता तर कागदासकट गोळी काजळीतून खाली गेलीच नसती. १८५७ च्या जानेवारीत डमडमला या लेपाबद्दल कुजबूज सुरू झाली. काडतुसं चरबीविना द्यावीत, शिपायांनी आपल्या पसंतीचं काहीही लावावं, असा हुकूम त्याच महिन्यात निघाला. पण विश्वास उडालेला होता, आणि १० मे रोजी मेरठ पेटलं. त्याच वर्षीच्या उन्हात गोऱ्या सैनिकांनाही ०.५६८ इंची गोळी मळलेल्या नळीत ठासणं जड गेलं आणि पुढे ती ०.५५ इंचांवर आणली गेली. म्हणजे आज रेंजवर जी अडचण येते, तीच त्या वेळच्या फौजेची होती. इतिहास असा हाताला लागतो, आणि या छंदाचं मोल मला तिथेच वाटतं.

आता गोळी. आज बहुतेक जण मिन्ये पद्धतीची, पोकळ बुडाची आणि चरांत मेण भरलेली गोळी वापरतात. बार होताच पोकळ बुडाची कड फुलते आणि नळीतल्या चरांत घट्ट बसते. यासाठी शिसं शुद्धच हवं. गाड्यांच्या चाकांची वजनं वितळवून केलेलं शिसं कडक असतं, त्याची कड फुलत नाही आणि गोळी कागदावर आडवी लागते. बंदुकीवर ०.५७७ लिहिलेलं असलं तरी प्रतिकृतींच्या नळ्या हजारांश इंचांनी इकडेतिकडे असतात. व्हर्नियरने तोंडाशी मोजून उपयोग नाही. मापाच्या दांड्या (प्लग गेज) एकेक करून आत सोडायच्या. सहज उतरणारी सगळ्यात जाड दांडी म्हणजे तुमचं माप. गोळी त्याहून एक ते दोन हजारांश इंच बारीक हवी. या बंदुकीत ०.५७८ ची दांडी उतरली, म्हणून गोळ्या ०.५७७ च्या डायमधून काढल्या. साच्यातून निघालेल्या, मापात न काढलेल्या गोळ्यांनी ५० यार्डांवर पाच बार पंजाएवढ्या जागेतही बसेनात. डायमधून काढल्यावर तेच पाच बार साडेतीन इंचांत आले. इतका फरक दारू बदलून कधीच पडला नाही.

ओतकामात सगळ्यात नाजूक भाग म्हणजे गोळीचं बूड. साच्याची आतली खुंटी थंड असली की कडेला सुरकुत्या किंवा पोकळी राहते, आणि तिथूनच गरम वायू निसटतो. पहिल्या दहा-बारा गोळ्या साचा तापवण्यापुरत्याच, त्या पुन्हा भांड्यात टाकाव्या. उरलेल्यांचं वजन करून दोन ग्रेनहून जास्त फरकाच्या बाजूला काढाव्या. काम उघड्यावर करायचं, पाण्याचा थेंबही जवळ नको, कारण ओलसर तुकडा भांड्यात पडला तर वितळलेलं शिसं उडतं. हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही.

मेणासाठी मधमाशीचं मेण आणि मेंढीची चरबी वजनाने निम्मी-निम्मी. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवायचं, नाहीतर डब्यातल्या गोळ्यांवरून ते ओघळतं. चरबी नको असेल तर मेणात ऑलिव्ह तेल घालूनही चांगलं जमतं, मऊपणा बोटाने पाहून तेल कमीजास्त करायचं. खनिज तेल किंवा ग्रीस मात्र टाळा. ते काजळीशी मिळून डांबरासारखा थर धरतं आणि तो ब्रशनेही लवकर सुटत नाही.

दारूचं प्रमाण ६० ग्रेन, २एफ (दाण्याच्या जाडीची प्रत) जाडीची, म्हणजे जवळजवळ ३.९ ग्रॅम. मूळ फौजी भार ६८ ग्रेन होता. तोही देऊन पाहिला, खांद्याला धक्का वाढला, गट (टार्गेटवर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) सुधारला नाही. काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू एक चिमूटही घालायची नाही. तिचा दाब या नळीच्या ताकदीबाहेरचा असतो, नळी फुटते.

भरण्याची पद्धत रोज तीच, न चुकता. आधी गज आत सोडून त्यावरच्या खुणेने नळी रिकामी असल्याची खात्री. दोन टोप्या नुसत्या उडवायच्या, नळीचं तोंड गवताजवळ धरून: पातं हललं तर निपलपासूनची (टोपी जिच्यावर बसते त्या छिद्राच्या खुंटीपासूनची) वाट मोकळी. दारू आधीच तोलून वेगवेगळ्या नळकांड्यांत भरलेली असावी. दारूच्या भांड्यातून थेट नळीत कधीच ओतू नये, कारण आत एखादा निखारा राहिला असला तर सगळं भांडं हातात पेटतं. मग गोळी सरळ बसवून गजाने खाली, दारूला टेकेपर्यंत. मधे पोकळी राहिली तर त्या जागी नळी फुगते, म्हणून भरलेल्या स्थितीची दुसरी खूण गजावर करून ठेवावी. गज बोटांत धरायचा, तळहात नळीच्या तोंडावर येऊ द्यायचा नाही. घोडा अर्धा ओढायचा, टोपी बसवायची, मग घोडा पूर्ण ओढायचा, या क्रमाने आणि टार्गेटकडे तोंड असतानाच.

बार उडाला नाही तर एक मिनिट बंदूक तशीच धरून ठेवावी, मग नवी टोपी. तरीही नाही तर निपलच्या छिद्रात तार घालून पुन्हा एकदा. शेवटचा उपाय म्हणजे निपल काढून तिथे चिमूटभर दारू सरकवणं. सहाशेत अकरा वेळा टोपी उडाली आणि बार झाला नाही. त्यातले नऊ प्रसंग आदल्या वेळचं तेल निपलखालच्या वाटेत राहिल्यामुळे.

निपल ही झिजणारी वस्तू आहे. नव्याचं छिद्र पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. ते एक मिलिमीटरकडे गेलं की वायू मागे जोर करतो आणि घोडा उचलला जातो. चारशे बारांनंतर बदललं. नवं घेताना आटे जुन्याशी ताडून पाहा, कारण इटालियन बंदुकांचे आणि मूळ ब्रिटिश बंदुकांचे आटे जुळत नाहीत.

निशाण्याबद्दलची तक्रार जवळजवळ सगळ्या फौजी प्रतिकृतींबद्दल ऐकू येते: ५० यार्डांवर बार वर लागतो. मूळ साइट शंभर यार्डांपासून पुढे आखलेली, त्यामुळे यात नवल नाही. या बंदुकीत बार २० सेंटिमीटर वर होता. उपाय पुढची माशी (नळीच्या तोंडाशी असलेली नेमाची खूण) उंच करण्याचा. हिशेब सोपा आहे: दोन्ही साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले टार्गेटचं अंतर. ८५ सेंटिमीटर गुणिले २० भागिले ४,५७२ (५० यार्डांचे सेंटिमीटर), म्हणजे पावणेचार मिलिमीटर. थोडी जास्त उंच माशी बसवून कानशीने हळूहळू उतरवली. घासलेलं परत येत नाही, म्हणून एकेक घास आणि तीन-तीन बार.

चाप जड आहे, फौजी बंदुकीला शोभेल असा, त्याला हात लावला नाही. आतल्या खाचा घासून चाप हलका करण्याच्या नादात अर्धा घोडा सुटू लागतो, आणि मग बंदूक भरणंच धोक्याचं होतं. लाकडाबद्दल मात्र नाराजी आहे. दस्ता बाहेरून गुळगुळीत, पण गजाच्या खोबणीत लाकूड कोरडंच सोडलेलं. पावसाळी हवेत ते फुगलं आणि गज अडकला. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात आतून दिल्यावर त्रास थांबला. हिवाळ्यात उलट झालं, लाकूड आकसून पट्ट्यांचे स्क्रू ढिले झाले आणि गट पसरला. आता प्रत्येक वेळी सुरुवातीला ते तपासतो.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. उकळतं पाणी घातलं की नळी आतून वाळता वाळता तांबूस गंज धरते. निपल काढून, नळीचं तोंड खाली करून, चिंध्यांनी पाणी खेचायचं. सडक्या अंड्यांचा वास गेला आणि सातवी-आठवी चिंधी पांढरी आली की कोरडं करून हलका तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी, कारण क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि चुकलेला कोपरा रात्रीतून दिसू लागतो. पुढच्या वापराआधी ते तेल पुसायला विसरू नका, वरचे नऊ प्रसंग आठवा.

कागदी काडतुसांबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. ०.५५ इंची गुळगुळीत गोळी, भोवती पातळ कागदाचे दोन वेढे, खालच्या भागाला मेण. सुरुवातीला कागद सैल बसला आणि गोळ्या भरकटल्या. वेढा घट्ट जमल्यावर याच बंदुकीत सलग तीस बार निघाले आणि एकदाही नळी पुसावी लागली नाही. गोळी जवळपास गजाच्या वजनानेच खाली जाते. १०० यार्डांवर गट मिन्येपेक्षा थोडा मोठा, सहा-सात इंचांचा, पण या काडतुसामुळे ही रायफल तिच्या काळात का चालली ते उमगतं. एका काडतुसाला चार-पाच मिनिटं लागतात. संध्याकाळी बसून वीस करावी आणि समाधानाने डब्यात लावावी, असं हे काम आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते, परवाना लागतोच. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतेक गुळगुळीत नळीच्या, छर्र्यांच्या. इथलं दारूचं किंवा गोळीचं कुठलंही माप त्यांना लावू नये. अमेरिकेत अशा प्रतिकृतींना १९६८ च्या संघीय कायद्यात पुरातन बंदुकांसारखी सूट आहे, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये रायफलीसाठी प्रमाणपत्र आणि दारूसाठी दुसरं, अशी दोन्ही लागतात.

जुनी वापरलेली प्रतिकृती मिळाली तर चार गोष्टी पाहाव्या. अर्ध्या घोड्यावर चाप जोराने ओढला तरी घोडा सुटता कामा नये. घोड्याचं तोंड निपलवर मधोमध बसावं, कडेला आपटत असेल तर टोप्या फुटतात. नळीत उजेड टाकून बुडाशी खड्डे आहेत का ते बघावं, कारण तिथेच काजळी सगळ्यात जास्त काळ राहिलेली असते. आणि निपल सुटतं का ते विकत घेण्याआधीच, विकणाऱ्यासमोर, पान्याने फिरवून बघावं.