इंटरल्युकिन-४ आणि इंटरफेरॉन गामा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात भर दुपारी या दोन साइटोकाइनच्या (पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या) कुप्यांचे खोके आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत पोहोचले, तेव्हा बाहेर पारा ४५ अंशांवर होता आणि आतल्या जेल-पॅकचे पाणी झाले होते. कोरडी भुकटी थोडे दिवस उष्णता सोसते, हे वितरकाचे म्हणणे मी त्या वेळी साफ फेटाळले.

इंटरल्युकिन-४ ने पहिल्याच खेपेत मला गप्प केले. उंदराच्या प्लीहेतील, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना नुसते एलपीएस (त्यांना चेतवणारा जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिले, तर आयजीएमसोबत आयजीजी-३ आणि आयजीजी-२बी हे प्रतिपिंडांचे प्रकार मिळतात. त्यात मिलिलिटरमागे २० नॅनोग्राम इंटरल्युकिन-४ घालताच आयजीजी-३ घसरले, आयजीजी-१ चढले आणि थोडे आयजीईही दिसले. हे साइटोकाइन स्टॅट-६ या पेशीतल्या निरोप्या प्रथिनामार्फत ठरावीक प्रतिपिंड-प्रकाराच्या जनुकाआधीच्या स्विच (प्रकार बदलण्याच्या) भागाचे लिप्यंतरण सुरू करते, आणि तो भाग असा उघडा पडला की एड (एआयडी) हे विकर तेथील सायटोसीन हे डीएनएचे अक्षर बदलून डीएनए तुटण्याची आणि त्यातून प्रतिपिंडाचा प्रकार बदलण्याची वाट मोकळी करते. १० मायक्रोग्रामच्या कुपीत पेशी वाढवायच्या ताटलीतले एक-एक मिलिलिटरचे ५०० खळगे होतात, त्यामुळे किमतीची तक्रार मी मागे घेतो.

इंटरफेरॉन गामाने मात्र जीव खाल्ला. आयजीजी-२ए यायला हवे होते, पण तीन वेळा एलायझाची (प्रतिपिंडे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीची) ती रांग पाण्यासारखी कोरी राहिली. उन्हाने माल मेला, असे ठणकावून मी दोन आठवडे फोनवर भांडलो आणि फुकट बदली कुपी मिळवली. तिचाही निकाल तोच.

खरे तर पुरावा माझ्याच वहीत होता. दोन्ही साइटोकाइन एकत्र दिलेल्या खळग्यांत आयजीजी-१ स्पष्ट घटले होते, आणि ही परस्परांना दाबण्याची गोष्ट स्नॅपर व पॉल या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवली आहे. म्हणजे कुपी जिवंत होती. आमचे उंदीर सी५७बीएल/६ जातीचे, ज्यांच्याकडे आयजीजी-२ए चे जनुकच नसून त्या जागी आयजीजी-२सी असते, आणि मी तपासत होतो २ए. चाचणीतले शोधक प्रतिपिंड बदलून २सी ओळखणारे घेतल्यावर रांग पिवळीधमक झाली. कुपीला दिलेला एक तारा मी आता चारवर नेला आहे.

पाचवा तारा लेबलमुळे अडला. उणे ८० अंशांत त्याचा गोंद सुटतो, आणि सकाळी डबा उघडावा तर सहा लेबले तळाशी व सहा नळ्या बिननावाच्या. अशा चार नळ्या मी जड मनाने फेकल्या. हे वितरकाला सांगायला हवे, पण फोन लावला की तो हल्ली आधी उंदरांची जात विचारतो.