विंडोजकडून लिनक्सकडे: घरासाठी निवडलेला लॅपटॉप आणि त्यानंतरचे काही महिने

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा हार्डवेअरचा भाग) आमच्या जुन्या संगणकात नव्हते. त्यामुळे नवा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचे ठरवले. काही महिने घरातले सगळे तोच वापरत आहेत आणि माझे मत पक्के झाले आहे: ऑपरेटिंग सिस्टिम आधी ठरवावी, मग तिच्याशी जुळणारे यंत्र शोधावे, प्रोसेसरच्या वेगाचा विचार त्यानंतर.

सर्वांत आधी वायफायची चिप पाहावी. इंटेलच्या चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारे प्रोग्रॅम) कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असल्याने इन्स्टॉलेशन चालू असतानाच नेट जोडता येते. ब्रॉडकॉमच्या काही चिपसाठी मात्र ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि तो उतरवून घ्यायला नेटच नसते, ही खरी पंचाईत. ग्राफिक्समध्येही इंटेल आणि एएमडीची वाट सोपी आहे. आमच्याकडे कोणी गेम खेळत नाही, म्हणून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवले आणि वाचलेले पैसे १६ जीबी रॅमकडे वळवले.

खरेदीआधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह चालवून पाहण्याचा आग्रह मी प्रत्येकाला करीन, कारण त्यात डिस्कवर काहीही इन्स्टॉल होत नाही. आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणे आणि टचपॅड तपासून झाल्यावर मी झाकण मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि वायफाय आपोआप जोडले जाते का ते पाहिले. आधी पसंत पडलेला एक लॅपटॉप इथेच बाद झाला: दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच राहिली. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस३ प्रकारचे स्लीप (रॅम सोडून जवळपास सगळे बंद ठेवणारी झोप) नसते, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. आमचा लॅपटॉप लगेच जागा होतो. रात्रभर मिटून ठेवल्यास बॅटरी थोडी उतरते, तेवढे मला चालते.

प्रिंटर ड्रायव्हर न टाकताच सापडला. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून सुरू केला आणि युनिकोडमधला मजकूर लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये नीट दिसला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली मात्र रूपांतरित करून घ्याव्या लागल्या. हिशेबाचा एक प्रोग्रॅम केवळ विंडोजवरच चालतो, तो व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या विंडोजमध्ये, ठेवला आहे. त्यासाठी ४ जीबी रॅम बाजूला काढूनही ब्राउझर अडखळत नाही, म्हणून रॅमवर केलेला खर्च मला सर्वांत योग्य वाटतो.